घरात बंदूक आहे का?

२०१० साली फ्लोरिडातल्या ओकाला गावी एक आई आपल्या लेकराला घेऊन बालरोगतज्ज्ञाकडे गेली. हे डॉक्टर सगळ्याच पालकांना काही ठरावीक प्रश्न विचारायचे. घरी स्विमिंग पूल आहे का? घरातलं तरुण पोरगं गाडी चालवताना फोनवर बोलतं का? त्याच यादीत आणखी एक प्रश्न होता: घरात बंदूक आहे का?

आईने सांगितलं, याचं उत्तर मी देणार नाही, ही माझी खासगी बाब आहे. डॉक्टरांनी सांगितलं, तीस दिवसांत दुसरा डॉक्टर शोधा.

घटना म्हणाल तर एवढीच. पण तिच्यातून पुढच्याच वर्षी एक कायदा जन्माला आला, तो जवळपास सहा वर्षं कोर्टात भांडला गेला आणि अमेरिकन पेपरवाल्यांनी या भांडणाला 'डॉक्स व्हर्सेस ग्लॉक्स' असं यमक जुळवून नावही दिलं. ग्लॉक म्हणजे तिथलं एक अतिशय खपाचं पिस्तूल.

आपल्याला हा वाद थोडा विचित्र वाटू शकतो. आपल्याकडे बंदुकीला लायसन्स लागतं आणि ती कोणाकडे आहे हे सरकारदरबारी नोंदलेलं असतं. डॉक्टरने विचारलं काय आणि नाही विचारलं काय! अमेरिकेत चित्र उलटं आहे. तिथे दर दहा प्रौढांपैकी साधारण चारजण बंदूक असलेल्या घरात राहतात आणि त्या बंदुकांची देशपातळीवरची यादी कुठेच नाही. यादी बनवायची राहून गेली म्हणून नाही. ती बनवायला कायद्यानेच मनाई आहे म्हणून. हा तपशील लक्षात ठेवा, कारण माझ्या मते डॉक्टरच्या त्या एका प्रश्नाने माणसं का भडकली हे त्याच्याशिवाय समजत नाही.

डॉक्टरांना काय करायचंय?

आधी डॉक्टरांची बाजू बघू. मुलाला ताप आलाय, औषध द्या आणि मोकळे व्हा. घरात काय आहे याच्याशी तुमचा संबंध काय?

गेल्या पन्नास-साठ वर्षांत अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी या प्रश्नाचं उत्तर हळूहळू बदललं. लसी आणि अँटिबायोटिक्समुळे संसर्गाने मरणाऱ्या मुलांची संख्या घटली आणि जी मुलं उरली ती मरत होती अपघातांनी. गाडीत, पाण्यात, औषधाच्या बाटलीतल्या गोळ्या खाऊन. मग डॉक्टर तिकडे वळले. १९७० साली कायदा झाला आणि औषधांच्या बाटल्यांना मुलांना सहज उघडता येणार नाहीत अशी झाकणं आली. १९७७ साली टेनेसी राज्याने लहान मुलांसाठी गाडीत कार सीट सक्तीची केली. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं राज्य. त्यासाठी आमदारांच्या मागे हात धुऊन लागलेला माणूस होता रॉबर्ट सँडर्स नावाचा एक बालरोगतज्ज्ञ. १९८५ पर्यंत सगळ्या राज्यांत तसे कायदे झाले. तेव्हापासून 'बाळाला कार सीटमध्ये बसवता ना?' हा प्रश्न दवाखान्यात कोणालाच खटकत नाही.

बंदूक याच यादीत आली. १९८६ साली आर्थर केलरमन आणि डोनाल्ड रे या दोन डॉक्टरांनी सिएटलच्या परिसरातले घरातल्या बंदुकांनी झालेले मृत्यू मोजले. स्वसंरक्षणात मारल्या गेलेल्या दर एका माणसामागे आत्महत्या, खून आणि अपघात मिळून ४३ मृत्यू झाल्याचं त्यांना दिसलं. १९९३ साली केलरमन यांच्या टीमने तीन राज्यांतल्या तीन काउंटींचा अभ्यास केला. त्याचा निष्कर्ष असा की घरात बंदूक असेल तर त्या घरात खून होण्याची शक्यता सुमारे २.७ पट होते. दोन्ही निबंध 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आले.

या आकड्यांवर टीकाही झाली आणि ती सगळीच काही उगाच नव्हती. ४३ च्या आकड्यात फक्त मेलेली माणसं आहेत. बंदूक नुसती दाखवल्यावर चोर पळून गेला असेल तर तो यात मोजलाच जात नाही. आणि २.७ पट म्हणताना बंदुकीमुळे धोका वाढला की धोक्यात असलेल्या माणसांनीच बंदूक विकत घेतली, हे वेगळं काढणं अवघड असतं. आमच्या क्षेत्रात हा रोजचा झगडा आहे. दोन आलेख एकत्र वर चढले म्हणून एकाने दुसऱ्याला चढवलं असं होत नाही. पण टीका करणाऱ्यांनाही एक गोष्ट पुसता आली नाही. मृत्यूंच्या त्या ढिगात सगळ्यात मोठा वाटा आत्महत्यांचा होता. त्याकडे पुढे येऊच.

१९९२ साली अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने अधिकृत भूमिका जाहीर केली. मुलांसाठी सगळ्यात सुरक्षित घर म्हणजे बंदूक नसलेलं घर, आणि डॉक्टरांनी पालकांशी याबद्दल बोलावं. पण संघटना तिथेच थांबली नाही. हँडगनवर कडक निर्बंध असावेत, बंदीसुद्धा असावी, असंही तिने म्हटलं. म्हणजे दवाखान्यातला सल्ला आणि संसदेतली मागणी एकाच लेटरहेडवर आली. बंदूकवाल्या पालकांना डॉक्टरचा प्रश्न निव्वळ काळजीचा वाटला नाही, याचं एक कारण इथे आहे.

सव्वीस लाख डॉलर

नॅशनल रायफल असोसिएशन, म्हणजे एनआरए, ही संघटना बंदूकधारकांची लॉबी म्हणून किती ताकदवान आहे हे वेगळं सांगायला नको. केलरमन यांच्या संशोधनाला पैसे दिले होते सीडीसीने, म्हणजे रोगनियंत्रणाच्या केंद्रीय संस्थेने. एनआरएचा आक्षेप सरळ होता: सरकारी पैशाने आमच्याविरुद्ध प्रचार चाललाय.

१९९६ साली आर्कान्सॉचे खासदार जे डिकी यांनी अर्थसंकल्पात एक ओळ घातली. दुखापती टाळण्यासाठीचा सीडीसीचा निधी बंदूकनियंत्रणाचा पुरस्कार किंवा प्रचार करण्यासाठी वापरता येणार नाही, अशा अर्थाची. त्याबरोबर संसदेने सीडीसीच्या हातातून नेमके २६ लाख डॉलर काढून मेंदूच्या दुखापतींच्या कामाकडे वळवले. आदल्या वर्षी बंदुकीच्या दुखापतींच्या संशोधनावर तेवढाच खर्च झाला होता. डिकी यांच्या ओळीत 'संशोधन करू नका' असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. पण निरोप पोचला. पुढची वीसेक वर्षं सीडीसीने या विषयाला जवळजवळ हात लावला नाही.

कायद्याने बंदी घालायचीच असं नसतं. शब्द थोडे धूसर ठेवले आणि शिक्षा समोर टांगली की माणसं आपणहून दोन पावलं मागे सरतात. फ्लोरिडात पुढे हेच झालं.

डिकी यांची गोष्ट मात्र अशी संपत नाही. सीडीसीच्या दुखापतविभागाचे तेव्हाचे प्रमुख मार्क रोझेनबर्ग हे या भांडणात त्यांच्या समोरच्या बाजूचे. नंतर दोघांची मैत्री झाली. २०१२ साली दोघांनी मिळून 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये लेख लिहिला आणि बंदुकीच्या हिंसेवर संशोधन व्हायला हवं असं म्हटलं. २०१९ च्या डिसेंबरात संसदेने या संशोधनासाठी पुन्हा अडीच कोटी डॉलर मंजूर केले. ते बघायला डिकी राहिले नव्हते. २०१७ सालीच ते गेले.

यादीची भीती

आता त्या न बनलेल्या यादीकडे येतो.

१९८६ साली, म्हणजे केलरमन यांचा पहिला निबंध आला त्याच वर्षी, संसदेने बंदूकमालकांच्या संरक्षणाचा कायदा केला. बंदुका आणि त्यांचे मालक यांची कुठलीही राष्ट्रीय नोंदवही केंद्र सरकारने बनवू नये, असं त्यात आहे.

याचा परिणाम बघायचा तर वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गला जायला हवं. तिथे सरकारचं बंदुकांचा माग काढणारं केंद्र आहे. एखाद्या गुन्ह्यात बंदूक सापडली की तिचा नंबर इथे येतो. कर्मचारी आधी कंपनीला विचारतात, मग घाऊक व्यापाऱ्याला, मग दुकानदाराला. दुकान बंद पडलं असेल तर त्याची जुनी कागदपत्रं याच केंद्रात येऊन पडलेली असतात. खोक्यांच्या थप्प्या इतक्या की कंटेनर लावावे लागले. ही कागदपत्रं स्कॅन केली जातात, पण त्यांत मालकाच्या नावाने सर्च करता येत नाही. सर्च आला की ती यादी झाली! त्यामुळे माणसं स्क्रीनवर एकेक पान उलटत बसतात.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा एक इंजिनिअर म्हणून मला हसूच आलं. आमचा अख्खा धंदा सर्च वेगवान करण्याचा आणि इथे मुद्दाम, कायद्याने, सर्च काढून टाकलाय. पण नंतर वाटलं, हे ज्यांनी केलं ते डेटाबेस म्हणजे काय हे आमच्यापेक्षा नीट ओळखून होते. माहिती गोळा करणारा आज कितीही सज्जन असला तरी उद्या ती कोणाच्या हातात जाईल हे त्याला ठरवता येत नाही, अशी ही भीती आहे. बंदुकीबद्दल मला यांच्याइतकं प्रेम नाही, पण या भीतीला मी वेडेपणा म्हणणार नाही. आधार कार्डाची झेरॉक्स हॉटेलच्या काउंटरवर देताना आपल्याही मनात ती एकदा डोकावतेच.

फ्लोरिडात तर ही भीती आणखी पुढे गेली होती. २००४ सालीच तिथे बंदूकमालकांच्या याद्या ठेवणं हा गुन्हा ठरवणारा कायदा झाला होता. संस्थेला दंड पन्नास लाख डॉलरपर्यंत. आणि २०१० साली ओबामांच्या आरोग्य कायद्यातही एक कलम शांतपणे येऊन बसलं: आरोग्यविषयक उपक्रमांत कोणालाही घरातल्या कायदेशीर बंदुकीची माहिती देण्याची सक्ती करता येणार नाही आणि बंदूक आहे म्हणून विम्याचा हप्ताही वाढवता येणार नाही. हा कायदा म्हणजे डेमोक्रॅटांचं सगळ्यात मोठं यश, आणि त्याच्या पोटात हे.

आता ओकालाच्या त्या आईकडे बघा. डॉक्टर विचारतो, घरात बंदूक आहे का. त्याच्यासमोर कॉम्प्युटर आहे. तो काहीतरी टाइप करणार आहे.

सहा किस्से आणि एक कायदा

२ जून २०११ रोजी फ्लोरिडाचे गव्हर्नर रिक स्कॉट यांनी बंदूकधारकांच्या खासगीपणाच्या कायद्यावर सही केली. त्यामागचं बळ होतं मॅरियन हॅमर यांचं. त्या एनआरएच्या फ्लोरिडातल्या लॉबिस्ट आणि एनआरएच्या पहिल्या महिला अध्यक्ष. १९८८ साली मुलांसाठी 'एडी ईगल' हा बंदूकसुरक्षेचा कार्यक्रमही त्यांनीच सुरू केला होता. बंदूक दिसली तर थांबा, हात लावू नका, तिथून निघा, मोठ्या माणसाला सांगा, असं तो मुलांना शिकवतो. म्हणजे घरातल्या बंदुकीने मुलाला धोका आहे हे दोन्ही बाजूंना मान्य होतं. भांडण त्याबद्दल बोलायचं कोणी, याचं होतं.

विधेयकाचा पहिला मसुदा भयंकर होता. प्रश्न विचारला तर फौजदारी गुन्हा, पाच वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाख डॉलरपर्यंत दंड. संमत होताना दात काढले गेले, तरी डॉक्टरवर शिस्तभंगाची कारवाई, दहा हजार डॉलरपर्यंत दंड आणि लायसन्सवर टांगती तलवार राहिली. कायद्यात चार मुख्य गोष्टी होत्या. गरज नसताना बंदुकीबद्दल विचारू नये. गरज नसताना त्याची नोंद पेशंटच्या फाइलमध्ये करू नये. बंदूक आहे म्हणून पेशंटशी भेदभाव करू नये. आणि याबद्दल पेशंटला विनाकारण छळू नये.

'गरज' कशाला म्हणायचं? पेशंटच्या उपचारांसाठी किंवा कोणाच्या सुरक्षिततेसाठी माहिती आवश्यक आहे असं डॉक्टरला प्रामाणिकपणे वाटलं तर विचारायची मुभा होती. वाचायला ठीक वाटतं. पण प्रतिबंधाचा सल्ला सगळ्यांना द्यायचा असतो. मूल चालायला लागलंय, एवढीच त्याची गरज असते. ही गरज कायद्यात बसते की नाही हे डॉक्टरने आपलं लायसन्स पणाला लावून ठरवायचं होतं.

आणखी एक गंमत आहे, आणि ती फारशी कोणी सांगत नाही. पेशंट उत्तर नाकारू शकतो असं या कायद्यात लिहिलं होतं. पण त्याच कलमात पुढे असंही होतं की आपले पेशंट निवडण्याबाबत डॉक्टरला कायद्याने जी मोकळीक आधीपासून आहे, ती यामुळे बदलत नाही. म्हणजे जिच्या नावाने हे सगळं रामायण घडलं त्या आईला 'दुसरा डॉक्टर शोधा' असं ऐकावं लागणार नाही, याची हमी या कायद्याने दिलीच नाही. डॉक्टरचं तोंड बंद करायच्या नादात पेशंटचं मूळ गाऱ्हाणं तसंच राहिलं.

बर्न्ड वॉलश्लेगर हे फ्लोरिडातले फॅमिली डॉक्टर, आणखी काही डॉक्टर आणि डॉक्टरांच्या तीन संघटनांच्या फ्लोरिडा शाखा कोर्टात गेल्या. त्यांचं म्हणणं होतं की हा बंदुकीचा मामलाच नाही, हा बोलण्याच्या स्वातंत्र्याचा मामला आहे. संघराज्याच्या जिल्हा न्यायाधीश मार्शिया कुक यांनी सप्टेंबर २०११ मध्ये कायद्याच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली आणि २०१२ मध्ये ती कायम केली. राज्य सरकार अपिलात गेलं. तिथे तीन न्यायाधीशांच्या खंडपीठाने दोन विरुद्ध एक मतांनी कायदा उचलून धरला आणि तेही तीनदा. २०१४ साली एका युक्तिवादाने, २०१५ च्या जुलैत दुसऱ्या, डिसेंबरात तिसऱ्या. दर वेळी कसोटी आधीपेक्षा कडक, उत्तर तेच. कोडमध्ये असं दिसलं तर आम्ही म्हणतो, उत्तर आधी हार्डकोड केलंय, फंक्शन नंतर लिहिलंय.

अखेर अपील कोर्टाचे अकरा न्यायाधीश एकत्र बसले. १६ फेब्रुवारी २०१७ रोजी निकाल आला. विचारण्यावरची, नोंदीवरची आणि 'छळा'ची अशी तिन्ही कलमं दहा विरुद्ध एक मतांनी रद्द. भेदभावाविरुद्धचं कलम तेवढं शाबूत. हे कोर्ट काही डाव्यांचा अड्डा नव्हतं. पुराणमतवादी म्हणून ओळखले जाणारे न्यायाधीश विल्यम प्रायर यांनी स्वतंत्र मत जोडून बजावलं की आज एका विषयावर डॉक्टरांना गप्प करू दिलं तर उद्या दुसऱ्या विचाराचं सरकार दुसऱ्या विषयावर तेच करेल.

निकालातला एक तपशील मला विसरता येत नाही. कायदा का हवा, याचा पुरावा म्हणून विधिमंडळासमोर काय होतं? कोर्टाने मोजलं. सहा किस्से. १ कोटी ८० लाखांहून जास्त लोकवस्तीच्या राज्यात सहा. आणि दुसऱ्या घटनादुरुस्तीचं, म्हणजे बंदूक बाळगण्याच्या हक्काचं काय? कोर्ट म्हणालं, खासगी डॉक्टर कोणाची बंदूक काढून घेऊ शकत नाही. त्याने प्रश्न विचारल्याने तो हक्क कुठे जात नाही.

'आपल्या लेनमध्ये राहा'

निकालाने डॉक्टरांना बोलायचा हक्क परत मिळाला. पेशंटला उत्तर द्यावंसं वाटेल अशी सोय कोर्ट करू शकत नाही.

७ नोव्हेंबर २०१८ ला हे पुन्हा दिसलं. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संघटनेने बंदुकीच्या इजा कमी करण्याबद्दलचा निबंध प्रसिद्ध केला होता. त्यावर एनआरएने ट्वीट केलं की या बंदूकविरोधी शहाण्या डॉक्टरांना कोणीतरी सांगा, आपल्या लेनमध्ये राहा. त्याच रात्री कॅलिफोर्नियातल्या थाउजंड ओक्समधल्या एका बारमध्ये गोळीबार झाला आणि बाराजण मारले गेले. मग डॉक्टर पेटले. शवविच्छेदन करणाऱ्या जुडी मेलिनेक यांनी आपण दर आठवड्याला मृतदेहांतून गोळ्या काढतो, ही नुसती आमची लेन नाही तर हायवे आहे, अशा अर्थाचं शिवीसकट उत्तर दिलं. हजारो डॉक्टरांनी रक्ताने माखलेल्या स्क्रब्जचे, ऑपरेशन थिएटरच्या फरशीचे फोटो टाकले.

मला त्या फोटोंचा राग समजतो. पण त्यांनी मनं कोणाची बदलली? ज्याला आधीच पटलं होतं त्याने लाइक केलं. ज्याला पटलं नव्हतं त्याला पुराव्यासकट कळलं की डॉक्टर आपल्या विरुद्ध पार्टीचे आहेत. आणि हाच माणूस पुढच्या आठवड्यात मुलाला घेऊन दवाखान्यात येणार असतो.

दुकानदाराने विचारलं तेव्हा

आता मघाशी बाजूला ठेवलेला मुद्दा. अमेरिकेत २०२१ साली बंदुकीने ४८,८३० माणसं मेली. बातम्या बघून वाटतं की यातली बहुतेक गोळीबारात मारली गेली. प्रत्यक्षात ५४ टक्के आत्महत्या होत्या.

आत्महत्येबद्दल आपला एक घट्ट समज असतो: ज्याला मरायचंय तो काहीही करून मरणारच. संशोधन वेगळं सांगतं. ती तीव्र लाट बऱ्याचदा थोड्या वेळाची असते. प्रयत्नातून वाचलेल्या दर दहांपैकी सुमारे नऊजण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. म्हणजे त्या वेळी हाताशी काय होतं यावर सगळं अवलंबून राहतं, आणि बंदूक दुसरी संधी क्वचितच देते. इस्रायलच्या सैन्याने २००६ साली सैनिकांना शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीला घरी जाताना रायफल तळावरच ठेवायला सांगितलं. तरुण सैनिकांमधल्या आत्महत्या ४० टक्क्यांनी घटल्या. श्रीलंकेने सर्वांत विषारी कीटकनाशकांवर बंदी आणली आणि दोन दशकांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं. विदर्भ-मराठवाड्यात काम करणाऱ्या डॉक्टरला हा हिशेब वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. 'फवारणीचं औषध घरात कुठे ठेवता?' हा त्याच जातीचा प्रश्न आहे. (वाचताना स्वतःबद्दल किंवा जवळच्या कोणाबद्दल काळजी वाटली तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो. मराठीतही बोलता येतं.)

२००९ साली न्यू हॅम्पशायर राज्यात सहा दिवसांच्या आत तीन अनोळखी माणसांनी एकाच दुकानातून बंदूक घेतली आणि काही तासांत आत्महत्या केली. आत्महत्या रोखण्याचं काम करणाऱ्या एलेन फ्रँक यांनी हे त्या दुकानाच्या मालकाला सांगितलं. तो हादरला. मग तो, फ्रँक, हार्वर्डच्या कॅथरीन बार्बर आणि आणखी काही बंदूकवाले एकत्र बसले. गिऱ्हाइकाची कुठली लक्षणं दिसली तर बंदूक विकू नये, याची माहितीपत्रकं बनवली. हेल्पलाइनची पोस्टर्स बनवून दुकानांत लावली. बंदूकवाल्यांच्या जगात सुरक्षिततेच्या 'दहा आज्ञा' प्रसिद्ध आहेत. यांनी तिला अकरावी जोडली: घरातलं कोणी खचलेलं असेल तर तो बरा होईपर्यंत बंदुका घराबाहेर ठेवा. हा उपक्रम नंतर अनेक राज्यांत गेला.

यात 'बंदूक आहे का?' असं कोणी विचारलं नाही. ती आहेच, हे गृहीत होतं. विचारणारा आपल्यातला होता, त्याला बंदूक काढून घ्यायची नव्हती आणि तो काहीही लिहून घेत नव्हता.

दवाखान्यातला अनुभवही याच दिशेने बोट दाखवतो. नुसता सल्ला दिला तर घरातली सवय फारशी बदलत नाही, असं २००० सालच्या एका चाचणीत दिसलं. २००८ साली दुसऱ्या एका मोठ्या चाचणीत डॉक्टरांनी बोलण्याबरोबर बंदुकीला लावायचं केबलचं कुलूपही फुकट दिलं. तेव्हा कुलूप लावणारी घरं वाढली.

मग विचारावं का?

माझं उत्तर हो आहे. घरात लहान मूल असेल, तरुण मुलाचं मन ठिकाणावर नसेल, आजोबांना विस्मरण सुरू झालं असेल, तर न विचारणारा डॉक्टर आपलं काम अर्धवट करतोय. फ्लोरिडाचा कायदा रद्द झाला ते चांगलंच झालं. सरकारने डॉक्टरच्या तोंडात बोळा कोंबू नये.

पण त्या आईची बाजूही मी सोडणार नाही. तिला हवी होती ती गोष्ट अगदी लहान होती. मी उत्तर दिलं नाही तरी माझ्या लेकराला तपासा. ही लहान गोष्ट मोंटाना राज्याने २०१३ साली कायद्यात लिहिली. पेशंटने बंदुकीबद्दल सांगायला नकार दिला म्हणून डॉक्टरने उपचार नाकारू नयेत. याने कोणाचं तोंड बंद होत नाही आणि कोणी दाराबाहेरही जात नाही. फ्लोरिडाने असं काही केलं असतं तर सहा वर्षांची कोर्टबाजी टळली असती.

उरतो तो टाइप करण्याचा भाग. दवाखान्यांच्या सॉफ्टवेअरवर मी काही काळ काम केलंय. फॉर्ममध्ये 'घरात बंदूक: हो / नाही' असं फील्ड घालायला पाच मिनिटं लागतात. ते भरलं गेलं की मात्र रिपोर्टमध्ये जातं, दुसऱ्या हॉस्पिटलकडे जातं, विमा कंपनीच्या फाइलमध्ये जाऊ शकतं आणि बॅकअपमध्ये वर्षानुवर्षं पडून राहतं. डॉक्टरला मात्र त्यातलं काहीच नको असतं. त्याला हवं असतं की आज घरी गेल्यावर कुलूप लागावं. त्यासाठी 'हो / नाही' लागतच नाही. 'सुरक्षिततेबद्दल बोललो, कुलूप दिलं' एवढी नोंद पुरते. पेशंटने काय सांगितलं ते त्या खोलीत राहू शकतं. फील्ड उपलब्ध आहे म्हणून ते भरलंच पाहिजे, हा आमच्या धंद्याचा रोग आहे. तो दवाखान्यात शिरू देऊ नये.

न्यू जर्सी किंवा टेक्ससमधल्या आपल्या मित्र-मैत्रिणी मुलांना पहिल्यांदा बालरोगतज्ज्ञाकडे नेतात तेव्हा त्यांच्याही हातात कधी हा प्रश्न असलेला फॉर्म येतो. बहुतेकजण 'नाही'वर टिक करतात आणि पुढच्या ओळीवर जातात. त्यांच्यासाठी तो खरंच एक सेकंदाचा प्रश्न आहे. पण त्याच खोलीत, पुढच्या अपॉइंटमेंटला, कोणीतरी दुसरं बसलेलं असेल. त्याच्या कपाटात वडिलांचं पिस्तूल असेल आणि सोळा वर्षांचा मुलगा दोन आठवडे खोलीबाहेर आला नसेल. त्या बापाने खरं सांगावं असं वाटत असेल तर डॉक्टरने आधी स्वतः तीन वाक्यं बोलायला हवीत. मी हे का विचारतोय. हे मी कुठे लिहिणार नाही. आणि तुम्ही सांगितलं नाही तरी मी तुमच्या मुलाला बघणारच आहे.